मिस्टर पगारे ऐकताहेत

३ फेब्रुवारी १९८३, गुरुवार

आजचा दिवस ऐतिहासिक. कारखानीस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, बसा. या कंपनीत मला आजवर कुणी बसा म्हणालेलं नाही. टेलिफोन बोर्डवर मी दिवसभर बसलेलाच असतो हे खरं, पण ते बसणं वेगळं.

साहेब नवे पर्सोनेल मॅनेजर. पुण्याहून आलेत. मला 'मिस्टर पगारे' म्हणाले. एरवी सातपूरच्या या कारखान्यात शिपाईसुद्धा 'ए ऑपरेटर' म्हणून हाक मारतो.

साहेब म्हणाले, कंपनी म्हणजे शरीर आणि तुमचा बोर्ड म्हणजे तिचा कान. वर्कर कुणाशी काय बोलतात हे कानाला कळलं नाही, तर शरीर आजारी पडतं. तुम्ही फक्त ऐकायचं आणि शनिवारी येऊन मला तोंडी सांगायचं.

विचारलं, हे नियमात बसतं का? साहेब हसले. ज्याच्या मनात काही वाईट नाही, त्याला कुणी ऐकलं तर काय फरक पडतो? एकदम पटलं. हे मला आधी कसं सुचलं नाही!

निघताना 'लायझन असिस्टंट' असा शब्द उच्चारला. अशी पोस्ट सध्या नाही. पण निघू शकते.

संकल्प: रोज इंग्रजीचे पाच शब्द पाठ. बोर्डवर चणे खाणं बंद.

४ फेब्रुवारी

आजवरची माझी पद्धत अशी, की कनेक्शन जोडलं की हेडफोन काढून गळ्यात अडकवायचा. लोकांचं खासगी असतं. यासाठी लोक मला मानायचे. आता कळतं की तो शुद्ध आळस होता.

चणे खाल्ले. पण कमी.

५ फेब्रुवारी, शनिवार

पहिला रिपोर्ट. स्टोअरकीपरच्या सासूला मोतीबिंदू. कॅन्टीनवाल्याला बटाटे सडके आले. अकाउंट्समधल्या बाई रोज दुपारी कुणाशी तरी फोनवर नुसतं 'हं, हं' करतात. साहेबांनी जांभई दिली. म्हणाले, हे राहू द्या, युनियनवाले कुणाला फोन करतात?

म्हटलं, धोंडीराम सोडला तर त्यांच्यात फोनवर नीट बोलायचं कुणाला जमतं!

जांभई अर्ध्यावर थांबली. धोंडीराम कोण?

धोंडीराम साळवे कोण हे मी काय सांगणार? आम्ही दोघं सिन्नर तालुक्यातल्या एकाच गावचे. तो आधी नाशकात आला, मिलिंग मशीनवर लागला. मग मला आणलं, फोरमनच्या हातापाया पडून चिकटवलं. सहा महिने मी त्याच्याच खोलीत राहत होतो, त्याच्याच डब्यातलं खात होतो. आता कॉलनीत एका ओळीत राहतो: आमची खोली, मधे झुंबर वॉचमनची, मग धोंडीरामची.

यातलं काहीच सांगितलं नाही. म्हटलं, ओळखीचा आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दार लावून केसांना कलप लावला. ही आमची खासगी बाब.

मालनला या नव्या कामाबद्दल काही सांगितलेलं नाही. बायकांच्या पोटात राहत नाही. पण साहेब किती मोठा माणूस आहे हे सांगितल्याशिवाय राहवेना. मग ते डावा पाय जरा ओढत कसे चालतात, चष्मा कपाळावर चढवून 'मिस्टर पगारे' कसं म्हणतात, ते करून दाखवलं. मालन हसून हसून जात्यावर रेलली. आमची संघमित्रा, म्हणजे मित्रा, तर, बाबा परत, बाबा परत! अकरावीत गेल्यापासून पोरगी माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलली. चार वेळा चालून दाखवलं.

माझ्यात कला आहे. वेळ मिळाला नाही.

८ मार्च, मंगळवार

आज धोंडीराम जेवणाच्या सुट्टीत बोर्डवर आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, मल्हारी, सिन्नरला परत एक फोन लावायचा व्हता. ट्रंक कॉल. पैसे भरतो. पण कुणाला बोलू नको, घरचं हाय.

लावून दिला. तो टाइम ऑफिसमधल्या फोनवर गेला. हेडफोन नेहमीप्रमाणे गळ्याकडे चाललाच होता, इतक्यात ड्यूटी आठवली.

जे ऐकलं ते असं. पलीकडे एक माणूस, शिकलेला. म्हणाला, लाल महिन्यातून एकदाच, तीही आमच्या समोर. पांढरी रोज. धोंडीरामने विचारलं, हाताचं काय? तो म्हणाला, हाताला अजून काही कळत नाही, वेळ लागेल. धोंडीराम म्हणाला, इथं कंपनीत कुणाला कळता कामा नये साहेब, लय अवघड होईल. तो म्हणाला, वर्षा-दोन वर्षांत सगळं साफ होईल, बघा तुम्ही.

अंगावर काटा आला.

दुपारभर विचार केला. लाल म्हणजे लाल बावटा, हे शेंबडं पोरही सांगेल. महिन्यातून एकदा मीटिंग. पांढरी म्हणजे टोपीवाले, ते रोज. 'हात' म्हणजे सरकार, निवडणुकीची निशाणीच आहे ती. सरकारला अजून काही कळलेलं नाही. आणि वर्षा-दोन वर्षांत सगळं साफ. म्हणजे कंपनीच साफ!

धोंडीराम, धोंडीराम. आणि मला म्हणतो, घरचं हाय.

१२ मार्च, शनिवार

आजचा रिपोर्ट पंधरा मिनिटं चालला. साहेबांनी चहा मागवला. मला बशीतून प्यायची सवय, कपातून प्यायलो. जीभ भाजली.

साहेब म्हणाले, लाल झेंडा असं स्पष्ट म्हणाला तो?

म्हटलं, जवळजवळ.

'झेंडा' हा शब्द काही मी ऐकलेला नाही. पण अर्थ तोच, मग उगाच शब्दाशब्दाचा कीस काढून साहेबांचा वेळ का घ्या? साहेब म्हणाले, 'ब्रिलियंट, मिस्टर पगारे.'

घरी येऊन शब्दकोशात बघितलं. चमकदार.

२७ मार्च, रविवार

धोंडीरामवर आता कॉलनीतही लक्ष ठेवतो. त्याची सावित्री दिवाळीपासून माहेरी आहे. सासूशी पटत नाही म्हणतो. त्याची आई साळूबाई सुनेचं नाव निघालं की डोळ्याला पदर लावते. सासवा नाटकी असतात. धोंडीराम दर महिन्याला एका रविवारी सकाळच्या एसटीने सिन्नरला जातो आणि तोंड पाडून परत येतो. मीटिंगा फिसकटत असणार.

आज जाताना मला म्हणाला, संघमित्राच्या पुस्तकांचं काय लागलं तर सांग. मी नजर चुकवली. गुप्त कामात भावना आड येऊ देऊन चालत नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. मिरवणूक झकास. मला यंदा कमिटीचा अध्यक्ष करतील अशी खात्री होती. भाषणही तयार होतं, विषय 'शिस्त'. पण अध्यक्ष धोंडीराम झाला. माझ्याकडे पाण्याचा टँकर.

मला वाईट वाटलेलं नाही. टँकर महत्त्वाचा असतो.

३० एप्रिल, शनिवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. रिपोर्ट संपला. साहेब खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, मिस्टर पगारे, चालताना माझा डावा पाय फार ओढला जातो का हो?

मी म्हटलं, नाही सर.

म्हणाले, घरी चांगलं चालून दाखवता असं ऐकलं. मुलगी खूप हसते म्हणे.

आणि हसले. मीही हसलो. नंतर जिना उतरताना कठडा धरला.

रात्री जेवताना विचार केला. घराबाहेर हे कुणाला माहीत असणार? आमच्यात आणि झुंबरमध्ये पत्र्याचं पार्टिशन आहे, बस. झुंबर कंपनीतच वॉचमन. त्याला रविवारी ओव्हरटाइम कसला मिळतो हे कोडं सुटलं.

पण शांतपणे बघितलं तर ही अभिमानाची गोष्ट आहे. साहेबांचं माझ्याकडे एवढं बारीक लक्ष! साध्या माणसाच्या घरात काय चाललंय याची कोण चौकशी करतो?

ज्याच्या मनात काही वाईट नाही... वगैरे.

मालनला सांगितलं, आजपासून घरात हळू बोलायचं. का, म्हणाली. म्हटलं, सभ्य घरात हळूच बोलतात.

६ मे, शुक्रवार

आजकाल बोलायचं असलं की रेडिओ मोठा करतो. मालन म्हणते, बोलायचं असलं की रेडिओ बारीक करतात. तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

पोळीला मीठ जास्त झालं होतं. बोललो नाही. कुणी ऐकलं तर मी घरात किरकिर करतो असं व्हायचं.

९ मे, सोमवार

धोंडीराम सस्पेंड. कंपनीच्या फोनचा गैरवापर आणि बाहेरच्या शक्तींशी संगनमत. मशीन शॉपमध्ये अर्धा तास काम बंद होतं. मी बोर्डवर होतो. खूप कॉल होते. नव्हते, पण मी प्लग काढघाल करत होतो.

एवढं होईल असं वाटलं नव्हतं. साहेब नुसती समज देतील असा माझा अंदाज. असो. चौकशी होईल, तो निर्दोष असेल तर सुटेल. व्यवस्था असते ती याचसाठी.

१५ मे, रविवार

सकाळी धोंडीराम घरी आला. दाढी वाढलेली. मालनने चहा टाकला. मी रेडिओ लावला. कामगारांसाठी लोकगीतं चालू होती.

म्हणाला, मल्हारी, बुधवारी चौकशी हाय. ते म्हणत्यात मी सिन्नरला कुण्या लाल बावट्याशी बोलतो. तू साक्ष दे.

कसली साक्ष, मी विचारलं.

म्हणाला, एवढीच, की फोन तू लावून देतोस, नंबर तुला ठाऊक हाय, दवाखान्याचा हाय.

दवाखान्याचा?

त्याने दाराकडे बघितलं. मग म्हणाला, त्याच्या पुढचं इचारू नको. तू कुणाचं ऐकत नाहीस, कान बाजूला ठेवतोस, सगळ्या कंपनीला ठाऊक हाय. म्हणून तर तुझ्याकडूनच लावायचो. दुसरा कुणी असता तर मी फोनच केला नसता.

पार्टिशनपलीकडे झुंबरची खाट करकरली.

मी मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं म्हणालो, बोर्डच्या माणसाने तटस्थ राहायचं असतं. मला कुणाच्या भानगडीत पडायचं नाही.

धोंडीराम चहा न पिता गेला. मालन रेडिओजवळ आली आणि तो बंद केला.

दवाखाना. म्हणजे तो माणूस डॉक्टर. डॉक्टर लोकांतही लाल बावटेवाले असतात. असतातच.

१८ मे, बुधवार

चौकशी झाली. धोंडीरामला विचारलं, सिन्नरला जातोस कुठे? तो म्हणाला, सांगणार नाही, कंपनीशी त्याचा संबंध नाही. तीनदा विचारलं, तीनदा हेच. साहेब म्हणाले, लपवायचं नसतं तर सांगितलं असतं.

मला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर कदाचित मी सांगितलंही असतं. कुणी सांगावं!

७ जून, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण नियम म्हणजे नियम.

रविवारी साहेबांनी झुंबरला सिन्नरच्या एसटीत धोंडीरामच्या मागे बसवलं होतं. झुंबर सगळं बघून आला. गावाबाहेर एका ट्रस्टचा महारोगाचा दवाखाना आहे. मागे ओळीने खोल्या. तिथे सावित्रीवहिनी आहेत. पायाला पट्टी. धोंडीराम पायरीवर बसून त्यांना भात भरवत होता. बोटांना कळत नाही त्यांच्या. गरम-गार कळत नाही.

लाल म्हणजे लाल कॅप्सूल. महिन्यातून एकदा, डॉक्टरसमोर गिळायची. पांढरी गोळी रोज. हाताला काही कळत नाही म्हणजे हाताला.

साहेबांना आज भेटलो. माझी चूक झाली म्हणायला गेलो होतो असं नाही. सहज गेलो होतो. साहेब म्हणाले, हे तर अजून चांगलं झालं, मिस्टर पगारे. विचारलं, चांगलं कसं सर? म्हणाले, आता आपल्याला काही करायला नको.

१० जून, शुक्रवार

सस्पेन्शन मागे घेतलं. साहेब दिलदार. धोंडीराम कामावर आला.

कॅन्टीनमध्ये तो बसला त्या बाकावरचे सगळे उठले. त्याच्या युनियनचेच. ज्याच्या बोनससाठी तो मागच्या वर्षी भांडला, तो सगळ्यात आधी उठला. कुणीतरी त्याचा ग्लास वेगळा ठेवायला सांगितला. आपल्या लोकांना ग्लास वेगळा ठेवणं म्हणजे काय, हे काय कुणी शिकवायला पाहिजे? तरी ठेवला.

मी लांब बसलो होतो. जागाच तिकडे मिळाली.

१४ जून

सकाळी कॉलनीच्या नळावर बायकांनी साळूबाईला भरू दिलं नाही. म्हातारी म्हणत होती, मला काय बी नाय गं, सुनेला हाय, ती बी बरी होतीय, डॉक्टर म्हनला आता कुनाला लागत नाय. तिची घागर कुणीतरी पायाने सरकवली. पायाने.

मालन गेली. आपली घागर काढली, साळूबाईची लावली, भरली, कमरेवर घेतली आणि सगळ्यांसमोरून तिच्या घरी पोचवून आली. परत आल्यावर हातसुद्धा धुतले नाहीत.

मग मला विचारलं, हे तुम्ही सांगितलं?

म्हटलं, मी फक्त ऐकलं.

म्हणाली, कुणाला सांगितलं?

म्हटलं, हळू बोल.

त्यानंतर ती हळूच बोलते. इतकं हळू, की जवळजवळ बोलतच नाही.

२५ जून, शनिवार

वर्ल्ड कपची फायनल. कॉलनीत विहाराच्या ओट्यावर सगळे ट्रान्झिस्टरभोवती जमले होते. मी गेलो तेव्हा गप्पा रंगात आल्या होत्या. मी गेल्यावर बंद झाल्या. मॅचचं टेन्शन. मी म्हणालो, काय स्कोअर? कुणीतरी ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने बघतो तर माझ्या आजूबाजूला भरपूर जागा झालेली. लोकांना माझ्याबद्दल आदर आहे, अंतर ठेवून बसतात.

आपली टीम १८३ मध्ये खलास. यात काही दम नाही. घरी येऊन झोपलो. उद्या सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी असतील.

२६ जून

जिंकले. रात्री म्हणे सगळी कॉलनी नाचली. मित्रा आणि मालनसुद्धा गेल्या होत्या. मला उठवलं नाही. माझी झोप मोडू नये म्हणून.

१७ जुलै, रविवार

धोंडीरामने राजीनामा दिला. आज टेम्पो आला. सिन्नरलाच राहणार, वहिनींच्या दवाखान्याजवळ.

मला अंगात कसकस वाटत होती, म्हणून पडून राहिलो. थर्मामीटरला ताप दिसला नाही. थर्मामीटर जुनं आहे. मालन आणि मित्रा सामान चढवायला गेल्या. खिडकीतून दिसत होतं. कपाट, पाटा-वरवंटा, बाबासाहेबांचा फोटो धोंडीरामने स्वतः मांडीवर घेतला. साळूबाई टेम्पोत मागे चटईच्या वळकटीवर बसली. बाकीच्या खोल्यांची दारं लावलेली.

टेम्पो आमच्या दारावरून गेला. धोंडीरामने वळून बघितलं की नाही ते कळलं नाही. त्या वेळी मी पांघरुणात होतो.

संध्याकाळी झुंबर आला. म्हणाला, पगारेभाऊ, आता कडेची खोली रिकामी झाली, माझ्या भाच्यासाठी साहेबांकडे शब्द टाका ना, तुमचं वजन आहे.

वजन आहे हे खरं.

२० ऑगस्ट, शनिवार

नवा बोर्ड बसला. ऑटोमॅटिक. प्लग नाहीत, ऑपरेटर नाही. साहेबांच्या टेबलावर एक वेगळं बटण आहे. ते दाबलं की कुठलीही लाइन थेट ऐकता येते, असं बसवणारा इंजिनिअर सांगत होता. म्हणजे माझं काम आता साहेब स्वतः करणार. त्यांच्यावर केवढा ताण पडेल!

मला स्टोअरमध्ये टाकलं. नटबोल्ट मोजायचे.

साहेबांना विचारलं, सर, ते लायझन असिस्टंटचं? साहेब कागद वाचत होते. वर न बघता म्हणाले, कसलं लायझन?

कामाच्या गडबडीत विसरले असतील.

निघताना म्हणाले, आणि पगारे, घरात एवढा मोठ्याने रेडिओ लावत जाऊ नका. शेजाऱ्यांना काही ऐकू येत नाही.

बहुधा विनोद केला. जिन्यात हसलो.

३ सप्टेंबर

स्टोअरमधली पोरं मी आलो की नटबोल्टांबद्दलच बोलतात. नटबोल्टांबद्दल एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

ठरवलं, धोंडीरामला जाऊन भेटायचं. गैरसमज दूर करायचा. त्याचा.

१८ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने सिन्नर. बिस्किटांचा पुडा घेतला. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं: परिस्थिती, ड्यूटी, वरून दबाव. तिन्ही मुद्दे बिनतोड.

गावाबाहेर घर सापडलं. एक खोली, पुढे पत्र्याचं शेड. धोंडीराम शेडमध्ये एका शेतकऱ्याची मोटर खोलून बसला होता. केस पिकलेत. माझ्यापेक्षा लहान आहे तो. मला बघून उठला, हात पुसले, म्हणाला, जय भीम. ये.

मीही जय भीम म्हणालो. सदरा झटकला. एसटीतली धूळ.

सावित्रीवहिनी बाहेर आल्या. मऊ रबराच्या चपला घातल्या होत्या, पट्टी नव्हती. रंग काळवंडलाय, गोळ्यांनी होतं म्हणे. हसल्या. मालनताई कशा आहेत, मित्रा कितवीला, सगळं विचारलं. मालन मधे दोनदा येऊन गेली, असंही त्यांच्याकडूनच कळलं. मला म्हणाली होती, बहिणीकडे जाते.

मी मुद्दे काढले. परिस्थिती झाली. ड्यूटीच्या मुद्द्यावर आलो तेव्हा धोंडीरामने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, तू ऐकत व्हतास व्हय? पहिल्यापासून?

म्हटलं, मार्चपासून.

मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण म्हणाला, ऐकलंस तर ऐकलंस. मग एकदा इचारायचं व्हतंस रे. मल्हारी, हे काय हाय, एवढं. मी तुला सांगितलं असतं. सांगायला माणूसच नव्हतं मला. रोज तुझ्या दारावरून जाताना वाटायचं, आत जावं आणि सांगून टाकावं.

दबावाचा मुद्दा राहिला.

वहिनींनी चहा आणला. दोन्ही हातांत धरून, नीट, सांडू न देता. बोटं जरा वाकडी. आतून साळूबाईचा आवाज आला, कोन आलंय? कुणी उत्तर दिलं नाही.

वहिनी म्हणाल्या, घ्या ना भाऊजी. डॉक्टरांनी लिहून दिलंय, माझ्यापासून आता कुणाला काही होत नाही.

मला ते माहीत आहे. मी काही अडाणी नाही. पण हल्ली ॲसिडिटीचा त्रास आहे, दुपारचा चहा सोसत नाही. तसं सांगितलं. कप हातात बराच वेळ धरला होता, हे त्यांनी बघितलं असेल. मग खाली ठेवला.

वहिनींनी कप उचलला आणि आत घेऊन गेल्या. धोंडीरामने पाना उचलला. म्हणाला, शेवटची गाडी लवकर असती रविवारी.

गाडीला दीड तास होता. स्टँडवर बसून काढला. बिस्किटांचा पुडा पिशवीतच राहिला होता. काही बिस्किटं खाल्ली.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं. आतून मित्राचा आवाज येत होता, कॉलेजातलं काहीतरी सांगत होती, भरभर, एका दमात. मालन मधे मधे, मग गं, मग काय झालं? आणि दोघी हसत होत्या. मालन असं हसलेली किती महिन्यांत मी ऐकलेली नाही. मी दारात ऐकत उभा नव्हतो. चप्पल काढत होतो. अंगठा अडकला होता, म्हणून वेळ लागला.

चप्पल जमिनीवर आपटली. आतला आवाज बंद झाला.

आत गेलो. मालन तांदूळ निवडत होती. मित्रा पुस्तकात. विचारलं, काय चाललं होतं?

काही नाही, मित्रा म्हणाली.

विचारलं, कशावर हसत होता?

कशावर नाही.

पान वाढलं. जेवलो. रेडिओ लावला नाही. धोंडीरामकडे जाऊन आलो, असं सांगितलं. मालनने आमटी वाढली. वहिनी बऱ्या आहेत म्हटलं. मित्राने पुस्तकाचं पान उलटलं. वांग्याची भाजी चांगली झाली आहे, असं म्हणालो. मग थोड्या वेळाने परत एकदा म्हणालो.

कुणी काही बोललं नाही. बहुतेक ऐकू गेलं नसेल.